घरातलं वायफाय : ५, ६, ७ झालं, आता ८ म्हणताय. आपल्या घरात नक्की काय घ्यायचं?

तापीकाठ
राम राम मंडळी. जरा लांब लिहितोय, पण घरातल्या वायफायने यंदा फार जीव खाल्लाय आणि नवीन राऊटरला पैसे घालायच्या आधी इथे विचारावं असं वाटलं.

गाव चोपडा तालुक्यात. घराचे दोन भाग, पुढचा आजोबांच्या वेळचा धाब्याचा, मातीच्या भिंती, दोन फूट जाड. मागचा २०१२ ला बांधलेला स्लॅबचा आणि त्याच्यावर दोन खोल्या. फायबर ओट्यावरून आत येतं म्हणून राऊटर पण तिथेच, बैठकीत खिडकीच्या वर. प्लॅन २०० एमबीपीएसचा, राऊटर वायफाय ५ वाला. काल मोबाईल हातात घेऊन घरभर फिरलो आणि प्रत्येक खोलीत तीन तीनदा मोजलं. बैठकीत १८५, माजघरात ६०, स्वयंपाकघरात २२, आणि आप्पांच्या खोलीत ४, कधी ५. वर धाकटा भाऊ केळीचा हिशोब करतो, बिलं पाठवतो, तो कधीचाच कंटाळून मोबाईलच्या नेटवर गेलाय.

आता मुद्दा. आमच्याकडे श्रावणात कानबाई, म्हणजे आमची खान्देशातली देवी, बसते, सगळी भाऊबंदकी आमच्याच घरी. मोठा भाऊ सुरतला असतो, त्याला यंदा सुट्टी मिळाली नाही, तर ठरलं की आरती व्हिडिओ कॉलवर दाखवायची. घरात पस्तीसेक माणसं, प्रत्येकाच्या हातात फोन, पोरं कोपऱ्यात गेम खेळताय. कॉल तीनदा तुटला, चौथ्यांदा लागला तर नुसता आवाज आणि भावाचा चेहरा गोठलेला. आरती संपली तरी आई फोन समोर धरून उभीच होती. ते मनाला फार लागलं.

जळगावला दुकानात विचारलं तर म्हणे वायफाय ७ घ्या, ४६ हजार एमबीपीएस चालतं, पुढची दहा वर्षं बघायला नको. दुसरा म्हणे थांबा, ८ येतंय. मी शेतकरी माणूस, एकदाच घेणार. जाणकारांनी सांगा की हे आकडे खरे किती, आणि आप्पांच्या खोलीपर्यंत त्यातलं काय पोहोचणार?

कळण्याची_भाकर
राम राम भो. मना बी तोच प्रॉब्लेम शे. धुळ्याला शिकायला रूमवर राहतो, चौघांत मिळून ३०० चा प्लॅन घेतला, नवीन वायफाय ६ चा राऊटर लावला तरी स्पीड ९४ च्या वर जात नाही. राऊटरच्या शेजारी बसलो तरी ९४, दाराबाहेर गेलो तरी ९४. कंपनीला फोन केला तर म्हणताय तुमच्याकडेच काहीतरी आहे. बठ्ठं बदली पाह्यलं.

फायबरवाला_एरंडोल
@कळण्याची_भाकर भाऊ, ९४ दिसलं की माझ्यासारख्याला लगेच कळतं, ते वायफायचं नाहीच, तारेचं आहे. १०० एमबीपीएसचं पोर्ट किंवा केबल असली की टेस्टमध्ये ९४-९५ च येतं, कितीही डोकं आपटा. फायबरच्या डब्यातून तुमच्या राऊटरमध्ये जी छोटी तार जाते ना, तिचा जॅक काढून उजेडात धरा. आत आठ रंगांच्या तारा दिसल्या पाहिजे. बरेच जण चारच तारा मारतात कारण १०० ला चार पुरतात, पण गिगाबिटला, म्हणजे १००० ला, आठही लागतात. त्या जास्तीच्या चारपैकी एक जरी तुटली तरी बहुतेक वेळा दोन्ही डबे आपसात बोलून १०० वर उतरतात, आणि लाईट मात्र हिरवीच दिसते. तार बदला, नसेल झालं तर दोन्ही डब्यांची पोर्टं बघा, स्वस्तातल्या बऱ्याच डब्यांना पोर्टच १०० ची असतात, खोक्यावर मोठ्या अक्षरात १२०० लिहिलेलं असलं तरी.

मी रोज हेच बघतो. माणूस चार हजाराचा राऊटर आणतो आणि त्याच्या मागे वीस रुपयाची तार अडवून बसलेली असते.

@तापीकाठ दादा तुमचं वेगळं आहे, बैठकीत १८५ येतंय म्हणजे लाईन चोख आहे. तुमची भानगड भिंतीची. संध्याकाळी सविस्तर लिहितो, आता पोलवर आहे.

भुसावळ_जंक्शन
मी रेल्वेच्या सिग्नल आणि टेलिकॉम खात्यातून निवृत्त झालो, आयुष्य तारा आणि रेडिओ यांच्यातच गेलं, म्हणून थोडं मागून सांगतो म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

या वायफायचं पहिलं स्टँडर्ड १९९७ चं, नाव ८०२.११, वेग २ एमबीपीएस. १९९९ ला ११ झाला, २००३ ला ५४. २००९ मध्ये ८०२.११ एन आलं, ज्याला आता वायफाय ४ म्हणतात, त्यात एकाऐवजी जास्त अँटेना वापरून कागदावर ६०० पर्यंत गेले. २०१३ ला एसी म्हणजे वायफाय ५. मग एएक्स म्हणजे ६, त्याचं सर्टिफिकेशन २०१९ ला सुरू झालं, आणि ७ चं जानेवारी २०२४ मध्ये. ४, ५, ६ ही साधी नावं २०१८ मध्ये दिली, त्याच्या आधी लोकांना एन, एसी, एएक्स पाठ करावं लागायचं. म्हणजे साधारण चार-पाच वर्षांनी नवं येतंच, त्यामुळे तापीकाठ, "एकदाच घेणार" हे मनातून काढून टाका. राऊटर ही पंपासारखी वस्तू आहे, विहिरीसारखी नाही.

आता तुमच्या घराचं. स्पीड मोजला ते उत्तम केलं, पण एक विचारतो, हाच आकडा मे महिन्यात किती होता? मातीची भिंत कोरडी असताना आणि ओली असताना रेडिओला एकसारखी नसते. पाणी या लहरी शोषून घेतं. श्रावणात दोन फूट माती आतून ओल धरून बसलेली असते, आणि वरून घरात पस्तीस माणसं, माणसाचं शरीर पण बहुतेक पाणीच. तुमच्या आरतीच्या वेळी बैठक ते देवघर या वाटेत राऊटरला दिसत काय होतं, तर ओली माती आणि माणसांची रांग.

आणि हे लक्षात ठेवा की दर ३ डीबीला (डीबी म्हणजे सिग्नल किती घटला ते मोजायचं माप) ताकद निम्मी होते. एका भिंतीने निम्मी, दुसरीने त्याची निम्मी, असं करत करत आप्पांच्या खोलीत उरतं काय.

तापीकाठ
काका, तुम्ही हे अगदी बरोबर पकडलं. मे मध्ये आप्पांच्या खोलीत रडतखडत का होईना पण यूट्यूब चालायचं, ते कीर्तन लावायचे दुपारी. पावसाळा लागल्यापासून बंद पडलं. मी समजत होतो की ढगांमुळे लाईनच खराब होते.

फायबरवाला_एरंडोल
फायबरला ढग-पावसाचं काही नसतं दादा, काचेतून उजेड जातो. पावसात जे बिघडतं ते पोलवरच्या जोडात पाणी गेलं तर किंवा लाईट गेली तर.

अमळनेर_ते_हिंजवडी
अमळनेरचा आहे, पुण्यात नेटवर्किंगच्याच कामात आहे म्हणून त्या ४६ हजारवर लिहितो, कारण तो आकडा दाखवून लोकांच्या खिशात हात घातला जातोय आणि मला त्याचा मनापासून राग आहे.

वायफायचा वेग तीन गोष्टींनी बनतो. आपल्याकडचंच उदाहरण घेतो. रस्ता किती रुंद, ट्रकमध्ये माल किती दाटून भरला, आणि एका वेळी ट्रक किती सोडले. रस्त्याची रुंदी म्हणजे चॅनल, वायफाय ५ मध्ये साधारण ८० मेगाहर्ट्झ, ६ मध्ये १६०, ७ मध्ये ३२० पर्यंत. माल भरणं म्हणजे ते क्वाम, ५ मध्ये २५६, ६ मध्ये १०२४, ७ मध्ये ४०९६. ऐकायला चौपट वाटतं पण बिट मोजले तर ८ चे १० झाले आणि १० चे १२, म्हणजे पाव आणि मग पाचवा हिस्सा वाढ. आणि केळीवाल्यांना हे सांगायला नको, रस्ता गुळगुळीत असेल तर घड दाटून भरता येतात, खड्ड्यांच्या रस्त्याला तसंच भरलं तर माल काळा पडतो, मग ड्रायव्हर मोकळंच भरतो. वायफाय पण तेच करतं. सिग्नल जरा कमी झाला की ४०९६ सोडून खाली खाली उतरतं. ४०९६ मिळतं ते राऊटर असलेल्याच खोलीत, दोन भिंतींपलीकडे ५ आणि ७ जवळपास एकाच मापाने माल भरतात.

तिसरं ट्रक, म्हणजे अँटेनांच्या जोड्या. ४६ हजार हा आकडा १६ जोड्या धरून कागदावर काढलेला आहे. तुमच्या मोबाईलमध्ये दोनच असतात. दोन जोड्यांवर ३२० च्या चॅनलला ५७६० आणि १६० ला २८८० येतो, तोही लिंकचा, म्हणजे फोन आणि राऊटरमधला कागदावरचा वेग, हातात पडतो त्याच्या साठ-सत्तर टक्के, कारण वायफायमध्ये एका वेळी एकानेच बोलायचं असतं, बाकीचे थांबतात. शेवटी तुमचा प्लॅन २०० चा. मागे विहिरीत पाणीच २०० चं असेल तर पाईप ५७६० चा लावून पिकाला काय मिळणार.

आणि अजून एक. ३२० चा चॅनल फक्त ६ गीगाहर्ट्झ बँडमध्ये, म्हणजे लहरींच्या त्या पट्ट्यात, बसतो. अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये तिथे १२०० मेगाहर्ट्झ मोकळे केले. आपल्याकडे दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये जो मसुदा काढला त्यात ५९२५ ते ६४२५, म्हणजे ५०० मेगाहर्ट्झ, घरात कमी पॉवरवर लायसन्सशिवाय. ५०० मध्ये ३२० चा एकच चॅनल बसतो, १६० चे तीन. आणि दुकानात स्वस्तात मिळणारे बरेच वायफाय ७ चे डबे दोनच बँडचे असतात, २.४ आणि ५, त्यांच्यात ६ गीगाहर्ट्झ मुळातच नसतो. खोक्यावर ७ लिहिलंय म्हणून ३२० मिळेल असं नाही, बँड बघूनच घ्या.

खापरावरची
हिंजवडी भाऊ, आकड्यांचं पटलं पण ७ ला एवढं खाली ढकलू नका. मी जळगावला फ्लॅटमध्ये राहते, घरूनच काम करते, टेस्टिंगचं. आमच्या बिल्डिंगमध्ये मोबाईलवर २७ नेटवर्क दिसतात, सगळ्यांचं २.४ वर, एकावर एक चढलेलं. तिथे ओव्हरलॅप न होणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि बसलेत २७ जण. कुणी मायक्रोवेव्ह लावला की तोही त्याच पट्ट्यात. माझी मीटिंग रोज संध्याकाळी साडेसहाला अडखळायची, बरोबर सगळे घरी आले की. मार्चमध्ये मी ७ चा राऊटर आणि ७ वालाच लॅपटॉप घेतला. स्पीड टेस्टमध्ये फरक नाही म्हटलं तरी चालेल, प्लॅन १५० चाच आहे. पण मीटिंग अडखळायची थांबली. त्यात ते एमएलओ आहे ना, एकाच वेळी दोन बँडवर जोडून राहतं, एकावर गर्दी झाली की दुसऱ्यावरून माल काढतं. माझ्यासाठी तेच खरं काम आहे, ४६ हजार नाही.

अमळनेर_ते_हिंजवडी
ताई तुमचा अनुभव खरा असणार, फ्लॅटमध्ये गर्दी हाच रोग असतो आणि ७ त्याच्यावर औषध आहे. माझं म्हणणं तापीकाठ दादांच्या घरापुरतं. त्यांच्या गावात शेजाऱ्याचं वायफाय घरात येतच नाही, त्यांना गर्दी नाही, भिंत आहे. आणि एमएलओबद्दल एक, बऱ्याच फोनमध्ये रेडिओ एकाच बँडवर बोलतो आणि दोन्हींमध्ये पटकन उड्या मारतो, दोन्ही मिळून वेग दुप्पट होईल असं समजू नये. उशीर कमी होतो, ते मान्य.

खापरावरची
उशीर कमी होणं हेच मी पण म्हणतेय. आपण इतकी वर्षं स्पीड स्पीड करत बसलो, मीटिंगमध्ये बोलताना मला १५० मधले ५ पण लागत नाहीत, पण ते ५ सतत आणि वेळेवर लागतात. आणि ही गोष्ट कुठल्याच खोक्यावर लिहिलेली नसते.

सातपुड्याकडून
शहाद्याच्या पुढे एका आश्रमशाळेवर शिक्षक आहे. आमचं गणित तुमच्यापेक्षा वेगळं आहे. शाळेत एकाच खोलीत ३० टॅब, आणि लाईन आहे ४० एमबीपीएसची. एका वेळी सगळ्यांनी धडा उघडला की पहिल्या पाच-सहा पोरांना मिळतो, बाकीचे गोल चक्र बघत बसतात. मागच्या बाकावरची पोरं तर आता टॅब उघडतच नाहीत, त्यांना माहीत झालंय की आपला नंबर लागत नाही. ४० मध्ये ३० जणांना सव्वा एमबीपीएस तरी यायला पाहिजे ना, मग असं का होतं? नवीन स्टँडर्डमध्ये याच्यावर काही आहे का?

अमळनेर_ते_हिंजवडी
सर, आहे, आणि मला विचाराल तर वायफाय ६ चं सगळ्यात मोठं काम हेच. आधीच्या वायफायमध्ये प्रत्येकाला बोलायला पूर्ण रस्ता लागायचा. एका पोराला नुसतं "पुढचं पान" एवढंच पाठवायचं असलं तरी पूर्ण ट्रक त्याच्यासाठी लागायचा, दोन घड टाकून रिकामा ट्रक जायचा आणि बाकीचे २९ बांधावर उभे. त्यात दोघांनी एकदम बोलायला घेतलं की दोघांचंही वाया, परत पहिल्यापासून. ६ मध्ये ओएफडीएमए आलं, म्हणजे एकाच ट्रकमध्ये सात-आठ शेतकऱ्यांचा थोडा थोडा माल भरता येतो, आणि कोण कधी बोलणार हे राऊटर ठरवू शकतो. तुमच्या वर्गाला ६ चा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तारेने जोडलेला नुसतं वायफाय देणारा डबा, लावा, छताला, मधोमध, पण टॅब पण ६ वाले असले तरच त्याचा फायदा. जुने टॅब जुन्याच पद्धतीने बोलणार. टॅब जुने असतील तर दोन ॲक्सेस पॉइंट वेगवेगळ्या चॅनलवर, अर्धी पोरं इकडे अर्धी तिकडे. आणि शक्य असेल तर धडे शाळेतल्याच एखाद्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा, मग ४० च्या लाईनचा प्रश्नच येत नाही, पोरं आतल्या आत घेतील.

सातपुड्याकडून
टॅब जुनेच आहेत. दोन ॲक्सेस पॉइंटचं पटलं. आणि धडे उतरवून ठेवायचं तर डोक्यातच आलं नव्हतं, मुख्याध्यापकांशी उद्याच बोलतो. मनापासून धन्यवाद.

कळण्याची_भाकर
फायबरवाला भाऊ!!! तार काढी पाह्यनू, चारच तारा होत्या. चौकातून आठ तारांची आणली, आता २८८. तीन महिने आम्ही चौघं राऊटरलाच नावं ठेवत होतो.

फायबरवाला_एरंडोल
झालं. जुनी तार फेकून दे, नाहीतर कुणीतरी परत लावेल.

@तापीकाठ दादा आता तुमचं. मी तुमच्या जागी असतो तर नवीन भारी राऊटर बैठकीत लावला नसता. तिथून कुठलंही वायफाय आप्पांच्या खोलीत जाणार नाही, आणि ६ गीगाहर्ट्झ तर अजून कमी, जितकी फ्रिक्वेन्सी वर तितकं भिंतीपुढे हात टेकतं. बैठकीतून एक कॅट सिक्स, म्हणजे नेटची आठ तारांची तार काढा, ओसरीच्या सरावरून माजघरात आणा आणि तिथे दुसरा डबा ॲक्सेस पॉइंट म्हणून लावा, नाव आणि पासवर्ड तेच ठेवा. गिगाबिटला ही तार १०० मीटरपर्यंत चालते, तुमचं घर त्याच्या पावभर पण नसेल. लोक बिनतारी मेश घेतात, घ्या, पण त्यात दुसऱ्या डब्याने पहिल्याकडून हवेतूनच घ्यायचं आणि हवेतूनच द्यायचं, तेच कान तेच तोंड, म्हणून बऱ्याचदा निम्मं तिथेच जातं. आणि परत मध्ये तुमची तीच ओली भिंत.

वीज किती जाते तुमच्याकडे? १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो राऊटरसाठी, दोन्ही डब्यांना लावा. आणि राऊटर पत्र्याखाली किंवा कपाटाच्या वर कोंडून ठेवू नका, आपल्याकडच्या मे मध्ये हँग होणारे निम्मे डबे नुसते तापलेले असतात.

तापीकाठ
वीज रोजच जाते थोडी थोडी. तारेचं पटतंय भाऊ. पण मग एक सांगा, माजघरात तार नेली तर ८ आल्यावर परत हे सगळं करायचं का? म्हणजे ८ मध्ये नक्की आहे काय? ८ म्हणजे एक लाख एमबीपीएस असं असेल तर थांबू का?

अमळनेर_ते_हिंजवडी
दादा, ८ बद्दल मी मुद्दाम शेवटी लिहिणार होतो, कारण मला त्यात खरोखर आनंद वाटतो. ८ म्हणजे ८०२.११ बीएन, २०२८ च्या आसपास पक्कं करायचं ठरलंय. आणि त्यात वरचा वेग वाढवलेलाच नाही, ७ चा जो कमाल आकडा तोच ८ चा. ६ च्या कामाला नाव होतं हाय एफिशियन्सी, ७ च्या कामाला एक्स्ट्रीमली हाय थ्रूपुट, आणि ८ च्या कामाला अल्ट्रा हाय रिलायबिलिटी, म्हणजे भरवसा. लक्ष्यं ठेवलीत ती अशी की जिथे सिग्नल कमजोर आहे तिथे वेग २५ टक्के वाढावा, गर्दीच्या वेळचा उशीर २५ टक्के कमी व्हावा, आणि एका डब्याकडून दुसऱ्याकडे जाताना डेटाची जी पाकिटं हरवतात ती २५ टक्के कमी व्हावी. दोन-तीन डबे एकाच घरात असले तर ते आपसात ठरवून बोलतील, एकमेकांवर ओरडणार नाहीत.

म्हणजे इतकी वर्षं राऊटरला चिकटून बसलेल्या माणसाचा वेग वाढवत आले, आता पहिल्यांदा घराच्या शेवटच्या खोलीतल्या माणसाचा विचार मध्यभागी आला. तुमच्या आप्पांचा.

पण २५ टक्के म्हणजे २५ टक्केच, ४ चे ५ होतील. भिंत तशीच राहणार. म्हणून थांबू नका, तार ओढा.

भुसावळ_जंक्शन
हिंजवडीकर, शेवटची ओळ फार मोलाची लिहिली. त्यात माझी एक भर, आणि ती मी नोकरीतल्या अनुभवावरून सांगतोय.

तापीकाठ, भिंतीला भोक पाडालच, तर तार टाकू नका, पाईप टाका. एक इंची पीव्हीसी, आपल्या जळगाव जिल्ह्यात पाईपाला काय तोटा. बैठक ते माजघर, आणि जमलं तर तसाच पुढे जिन्यातून वरच्या मजल्यापर्यंत. आत एक नायलॉनची दोरी ओवून ठेवा आणि ती दोन्ही टोकांना बांधून ठेवा. आज त्यातून कॅट सिक्स ओढा. उद्या तार खराब झाली, उंदराने खाल्ली, किंवा दहा वर्षांनी आप्पांच्या खोलीपर्यंत फायबरच न्यायची झाली, तर त्याच दोरीला बांधून नवीन ओढायची, भिंतीला हात लावायचा नाही. आम्ही स्टेशनच्या इमारतींत हेच करायचो, तारा चार वेळा बदलल्या, पाईप तोच. कोपऱ्यात काटकोनी एल्बो लावू नका, लांब वळणाचा बेंड लावा, नाहीतर तार अडकते. आणि विजेच्या वायरिंगच्या पाईपातून नेटची तार कधीही नेऊ नका.

सातपुड्याकडून
काका, हे शाळेच्या नवीन वर्गखोल्यांसाठी लिहून ठेवलं. बांधकाम चालू आहे, भिंती उघड्या आहेत तोवरच सांगतो मिस्त्रीला.

खापरावरची
मी फ्लॅट घेताना बिल्डरला हे सांगितलं असतं तर आज हॉलमधून बेडरूमपर्यंत फरशीच्या कडेने तार चिकटवायची वेळ आली नसती. घर बांधणाऱ्या सगळ्यांनी ही पोस्ट वाचावी.

तापीकाठ दादा, राऊटर मात्र ६ चा घेताय का ७ चा ते ठरवा आता. माझं मत अजूनही ७, दोन बँडचा असला तरी.

अमळनेर_ते_हिंजवडी
माझं मत ६, गिगाबिट पोर्टवाला, आणि वाचलेल्या पैशात यूपीएस. घरात किती फोन ६ किंवा ७ चे आहेत ते आधी बघा.

तापीकाठ
बघितलं. अकरा फोनपैकी तीन ६ वाले, ७ चा एकही नाही, बाकी सगळे ५ आणि आप्पांचा तर ४. तर ६ चाच आणला, ताई, राग मानू नका. पोर्टं गिगाबिटची आहेत ते दुकानातच खोकं उघडून बघितलं, फायबरवाला भाऊंचं ऐकून.

परवा काम केलं. मातीच्या भिंतीला साधा ड्रिल पुरला नाही, फूटभर गेल्यावर बिटच संपला, मग गावातल्या बोअरवाल्या पोराने सळईला टोक काढून दिलं, ते ठोकत ठोकत आरपार काढलं. आतून जी माती निघाली ती हातात दाबली तर लाडू वळला जाईल इतकी ओली होती. काका, तुमची फार आठवण झाली. पाईप टाकला, दोरी ओवली, वरपर्यंत नेला. जुना राऊटर आता माजघरात ॲक्सेस पॉइंट, नवीन बैठकीत. २.४ वर एकाला चॅनल १, दुसऱ्याला ११ दिला.

आत्ताचे आकडे: माजघरात १८८, स्वयंपाकघरात १६०, वर भावाकडे ९५, आणि आप्पांच्या खोलीत ३८. त्यांचा फोन फक्त २.४ वाला आहे म्हणून ३८, माझा फोन तिथे नेला तर ११० दाखवतो. काल रात्री जेवणं झाल्यावर सुरतला कॉल लावला आणि फोन आईच्या हातात दिला. ती बोलत बोलत माजघरातून देवघरात गेली, तिथून आप्पांच्या खोलीत, दरवेळी आम्ही थांब थांब म्हणायचो तसं कुणी म्हटलं नाही. पाऊण तास बोलली.

एकच राहिलं. ती बैठकीतून माजघरात जाते तेव्हा एक-दोन सेकंद चित्र अडकतं आणि परत सुरू होतं. हे पण काढता येईल का?

अमळनेर_ते_हिंजवडी
ते एका डब्याकडून दुसऱ्याकडे उडी मारताना होतं. बैठकीतल्या राऊटरची पॉवर सेटिंगमध्ये जाऊन मीडियम करा, म्हणजे फोन त्याला लवकर सोडेल, माजघरापर्यंत ओढून धरणार नाही. आधी एवढं करून बघा, ही उडी अजून सोपी करायचं काम ८ वाल्यांनी पण यादीत घेतलंय.

तापीकाठ
मीडियम केलं. आई आत्ताच फोन घेऊन गेली आतमध्ये, अडकलं नाही.

फायबरवाला_एरंडोल
दादा, पाईपाची दोन्ही तोंडं कापसाने बंद करा, पाली आणि मुंग्या शिरतात.

तापीकाठ
कापूस घरचाच आहे, लगेच लावतो.